मोजणीतून सुटलेला इल्मारी

एक ऑगस्टला, शनिवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी इल्मारी हाउटानिएमी नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या स्टोकनेस नावाच्या धक्क्यावर एका खडकासमोर उकिडवा बसला होता. खडकात पितळेचा खिळा ठोकलेला होता. सरकारी मोजणीचा खिळा, वर बारीक मुकुट कोरलेला, खाली नंबर. आयुष्याची एकोणचाळीस वर्षं ज्याने फिनलंडच्या भूमापन खात्यात काढली आहेत, तो माणूस असा खिळा दिसल्यावर सरळ पुढे जाऊ शकत नाही. इल्मारीने रुमालाने नंबर पुसला, मान तिरकी करून वाचला, शून्य आहे की आठ याचा थोडा वेळ मनाशी वाद घातला. एवढ्यात बोटीने भोंगा दिला. तो त्याला ऐकूही आला, पण भोंगा बोटीचा आहे आणि आपण खिळ्याचं काम करतोय, तेव्हा त्याच्याशी आपला संबंध नाही, अशा हिशेबाने त्याने तो सोडून दिला.

आठच आहे अशी खात्री करून तो उठला तेव्हा बोट निघाली होती.

बोटीवर त्याचे चार मित्र होते, दोन गाड्या होत्या, त्याची बॅग होती, रक्तदाबाच्या गोळ्या होत्या आणि लोकरीचा निळा स्वेटर होता. धक्क्यावर तो होता आणि त्याच्या खिशात पाकीट, फोन आणि खिळ्याच्या हिरव्या डागाचा रुमाल. त्याने हात वर केला. बोटीच्या कठड्याशी उभी असलेली एक अनोळखी मुलगी होती, तिने मोठ्या उत्साहाने हात हलवून त्याला निरोप दिला.

असं होऊच कसं शकतं, असं कुणालाही वाटेल. चौघंही शहाणीसुरती माणसं. रायमोने तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलेलं, त्याची बायको सिर्का शाळेची मुख्याध्यापिका होती. केयो विम्याच्या कंपनीत, त्याची बायको आन्नेली दातांच्या दवाखान्यात. सगळे वासा गावचे. दर उन्हाळ्यात तीन जोडपी मिळून निघायची. एकदा डेन्मार्क, दोनदा आइसलंड, स्वीडन किती वेळा ते विचारूच नये. तिसरं जोडपं म्हणजे हेल्मी आणि इल्मारी. खरं सांगायचं तर हेल्मी, आणि तिच्याबरोबर इल्मारी. सिर्का हेल्मीची शाळेपासूनची मैत्रीण, आन्नेली तिच्या गाण्याच्या क्लासातली. तीन वर्षांपूर्वी हेल्मी गेली आणि तिचं शिवणयंत्र, तिच्या जिरेनियमच्या कुंड्या आणि हे चार मित्र इल्मारीकडे आले. कुंड्यांना पाणी घालायचं त्याला जमलं होतं. मित्रांचं काय करायचं ते अजून नीट कळलं नव्हतं.

गाडी त्याने विकून टाकली होती. रिकाम्या गाडीत आवाज फार होतो, असं त्याचं म्हणणं. तेव्हा या ट्रिपला तो बसणार कुणाच्या गाडीत, असा प्रश्न आला. सिर्काने तो मुख्याध्यापिकेच्या पद्धतीने दोन मिनिटांत सोडवला. "विषम तारखेला आमच्याकडे, सम तारखेला केयोकडे. कुणावर अन्याय नाही." सोसायटीतलं गवत कापायचं सामाईक यंत्र असंच वाटून घेतात, यंत्र तक्रार करत नाही, इल्मारीनेही केली नाही.

सल्ले मात्र त्याला भरपूर मिळाले होते. तळमजल्यावरच्या लेम्पीबाई, वय नव्वद, त्यांनी जिन्यात अडवून सांगितलं होतं, "पाचजण जाऊ नका. हॉटेलात टेबलं चारची असतात नाहीतर सहाची." इमारतीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या स्नानघरात, शेजारी बसलेल्या निवृत्त आगबोटवाल्याने सांगितलं, "नॉर्वेत कॉफी आपली न्या, तिकडे पितात ते भांडी धुतलेलं पाणी." आणि तिथेच बसलेला तिसऱ्या मजल्यावरचा एक जण म्हणाला होता, "इल्मारी, दुसऱ्याच्या गाडीतून जाताना एक लक्षात ठेव. थांबा आला की आधी गाडीत जाऊन बसायचं, मग लघवीला जायचं." हे कसं करायचं ते इल्मारीला तेव्हा समजलं नव्हतं. पण सौनात उघड्या अंगाने माणूस वाद घालत नाही, म्हणून त्याने मान डोलावली होती.

तर एकतीस जुलैला विषम तारीख म्हणून तो रायमोच्या गाडीत होता. रात्री सगळे धक्क्याला लागूनच असलेल्या कॅम्पिंगच्या लाकडी खोल्यांत राहिले. सकाळी गाड्या बोटीच्या रांगेत लावल्या. आणि इथे सिर्काच्या वेळापत्रकाला तडा गेला, कारण एकतीस तारखेनंतर एक येते आणि एक तारीखही विषमच. केयो म्हणाला, विषम तारीख, म्हणजे रायमोकडे. रायमो म्हणाला, काल आमच्याकडे होता, म्हणजे आज केयोकडे. दोघेही आपापल्या मनात म्हणाले, मोठ्याने कुणीच म्हणालं नाही. फिनलंडमध्ये जी गोष्ट उघड आहे ती मोठ्याने बोलणं उद्धटपणाचं समजतात.

इल्मारी धक्क्यावरच्या बाकावर बसला आणि फोन बाहेर काढला. बासष्ट टक्के चार्ज. सिर्काचं नाव समोर आलं. नावावर बोट ठेवायचं, एवढंच काम होतं.

त्याने बोट ठेवलं नाही.

पलीकडे पोचायला बोटीला पंचवीस मिनिटं लागतात. गाड्या उतरतील, दोन मिनिटं थांबून एकमेकांना विचारतील, लगेच परतीच्या बोटीत चढतील. अकरा दहाला इथे. मग उगाच फोन करून त्यांना ओशाळवायचं कशाला? शिवाय आपण पुढच्या बोटीने निघालो आणि ते त्याच वेळी परत आले तर खाडीच्या मध्यावर एकमेकांना ओलांडून जाऊ. हरवलेल्याने जागा सोडायची नाही, हे शाळेच्या सहलीत सांगतात ते योग्यच आहे. असा सगळा विचार त्याने सविस्तर केला. या सगळ्या विचाराच्या तळाशी आणखी एक लहानसा विचार बसला होता, तिकडे त्याने पाहिलं नाही.

अकरा दहाची बोट आली. इल्मारी उभा राहिला, केस सारखे केले, चेहऱ्यावर 'काही नाही रे, चालायचंच' असा भाव आणला. बोटीतून दुधाचा टँकर उतरला. मग जर्मन लोकांच्या तीन फिरत्या घरांच्या गाड्या. मग एक मोटारसायकलवाला. मग बोटीवरच्या माणसाने साखळी ओढली.

इल्मारीने भाव उतरवला आणि पुन्हा बसला.

धक्क्यावर एक टपरी होती. वॅफल, सॉसेज, कॉफी, मासे पकडायचे गळ आणि वाढदिवसाची कार्डं असं सगळं एका खिडकीत. खिडकीतून एक सत्तरीची बाई सकाळपासून त्याच्याकडे बघत होती. तिचं नाव बर्ल्योत. ती आता बाहेरच आली.

"अहो, ते गेले की. भोंगा देऊन गेले."

इल्मारीला नॉर्वेची भाषा येत नव्हती, पण शाळेत सक्तीने शिकलेली, तिच्याशी मिळतीजुळती स्वीडिश येत होती, आणि ती त्याने पुढे फक्त सरकारी अर्जांवर वापरली होती. ती ओठांवर आली तीही तशीच. "खाली सही करणार इसम," तो म्हणाला, "सदर बोटीवर अनुपस्थित राहिलेला आहे."

बर्ल्योतने टपरीचं दार उघडलं. मग म्हणाली, "आत या. उपस्थित राहून वॅफल खा."

वॅफल चांगलं होतं, वर तपकिरी चीज. कॉफीबद्दल आगबोटवाला खोटं बोलला नव्हता. इल्मारी टपरीतल्या स्टुलावर बसून राहिला आणि बाराची बोट आली, दीडची येणार होती. बाराच्या बोटीतून कुणीच उतरलं नाही. एकटी लाल सायकल उतरली आणि तिच्यामागून तिचा मालक.

एक वाजून सात मिनिटांनी फोन वाजला. इल्मारीने तो इतक्या घाईने काढला की साखरेची वाटी कलंडली. ग्रुपवर आन्नेलीने फोटो टाकला होता. समुद्राकाठची गच्ची, पांढरं टेबल, मागे डोंगर. रायमो, सिर्का, केयो, आन्नेली. चौघांच्या हातात चमचे. खाली लिहिलं होतं, 'सगळे मजेत!!'

इल्मारीने दोन बोटांनी फोटो मोठा केला. कप चार होते. खुर्च्याही चार. पाचवी कुठे बाजूला सरकवलेली असेल म्हणून त्याने कडेपर्यंत तपासलं. कडेला फुलांची कुंडी होती.

मग त्याने जे केलं ते त्याला स्वतःलाही पुढे कधी नीट समजावून सांगता आलं नाही. ग्रुपवर कुणी काही टाकलं की अंगठा द्यायचा, हे हेल्मीने त्याला शिकवून ठेवलं होतं. न दिल्यास लोकांना वाटतं आपण रागावलोय. त्याने अंगठा दिला. लगेच केयोचा अंगठा आला, मग रायमोचा. टेबलाभोवती बसून ते एकमेकांना अंगठे देत होते आणि स्टोकनेसच्या टपरीतून गेलेला एक अंगठा त्यात बेमालूम मिसळून गेला.

बर्ल्योत साखर पुसता पुसता वाकून बघत होती. "हेच का ते?"

"हेच."

"फोटो कुणी काढला?"

"वेटरने असावा. चौघंही त्यात आहेत."

तिने साखर पुसलेली जागा पुन्हा एकदा पुसली. "फोन करा त्यांना."

"नाही."

"का?"

"बघायचंय."

"काय बघायचंय?"

"किती वेळ लागतो ते." तळाशी बसलेला विचार असा बाहेर आला, आणि बाहेर आल्यावर फारच लहान आणि फारच बालिश दिसला. इल्मारीचे कान लाल झाले. चौसष्ट वर्षांचा, पेन्शन घेणारा, दोन गावांच्या नकाशांवर ज्याची सही आहे असा माणूस.

बर्ल्योत हसली नाही. "आणि लागलाच नाही पत्ता तर?"

"बॅग त्यांच्याकडे आहे," इल्मारी म्हणाला. "संध्याकाळी बॅगा उतरवताना कळेल."

"बॅगेवरून," बर्ल्योत म्हणाली, आणि आतल्या खोलीत गेली. आत फोन होता.

दाराला फट होती, त्यामुळे पुढचं सगळं इल्मारीला ऐकू आलं. तालुक्याच्या पोलिसांना तिने लावला होता आणि पलीकडचा पोलिस वयाने तिच्या नातवाएवढा असावा, कारण ती त्याला त्याच सुरात बोलत होती.

"हं, लिहून घे. फिनलंडचा माणूस. चौसष्ट. तपकिरी जाकीट... शेवटचा कधी दिसला? आत्ता दिसतोय ना, माझ्या स्टुलावर बसलाय. चौथं वॅफल... नाही रे बाबा, तो हरवलेला नाही, तो इथेच आहे. ते हरवलेत. चौघं. दोन गाड्या... अरे, मला काय माहीत कुठे, माहीत असतं तर हरवले असते का? फोटोत मजेत आहेत... कोण तक्रार करतंय? मी करतेय! मी कोण म्हणजे? टपरीवाली बर्ल्योत, तुझ्या आईला विचार!"

इल्मारी स्टुलावरून उठून दाराशी गेला. "बाई, ते बेपत्ता नाहीत. कृपया तशी नोंद होऊ नये."

"झाली नोंद," बर्ल्योत फोन ठेवत म्हणाली. "त्याच्या कागदावर तक्रार करणारा आणि हरवलेला एकच माणूस असून चालत नाही म्हणे. म्हणून तुम्हाला आता हजर धरलंय आणि त्या चौघांना बेपत्ता."

शासकीय दृष्टीने हे अगदी नियमात होतं, आणि इल्मारीसारख्या माणसाला नियमात बसलेल्या गोष्टीविरुद्ध बोलता येत नाही. तो परत स्टुलावर येऊन बसला. चौघं मित्र बेपत्ता झाल्याचं त्याला वाईट वाटू लागलं.

इतक्यात टपरीच्या मागून खाड खाड आवाज आला. बर्ल्योतचा चेहरा एकदम बदलला. "आला मेला! टोर्लेव्ह! खुंट्याला हात लावलास तर याद राख!"

मागे तिचा रुबार्ब नावाच्या आंबट भाजीचा वाफा होता आणि वाफ्याच्या पलीकडे शेजारच्या टोर्लेव्हची होड्या ठेवायची शेड. मध्ये दीड मीटरची पट्टी. ती कुणाची, यावरून अकरा वर्षं दोघांचं भांडण चालू होतं. टोर्लेव्ह पंचाहत्तरीचा, वाळलेल्या माशासारखा लांब आणि कडक. तो रोज दुपारी येऊन हद्दीचा खुंटा रुबार्बच्या बाजूला ठोकायचा, संध्याकाळी ही उपटून शेडच्या बाजूला ठोकायची.

"माझी जागा आहे," टोर्लेव्ह हातोडा वर करून म्हणाला.

"तुझी जागा तुझ्या शेडीत, त्या सडक्या जाळ्यांत!"

"रुबार्ब तरी कसला लावलाय, दोरखंड शिजवल्यासारखा लागतो!"

"मागच्या रविवारी दोन वाट्या गिळल्यास तेव्हा नाही लागला ते!"

इल्मारी मध्ये पडला. पडायला नको होतं, पण सकाळपासून त्याची जी किंमत झाली होती ती पाहता कुठेतरी उभं राहायला जागा हवी होती. त्याने घसा साफ केला. "खाली सही करणार इसम," तो म्हणाला, "मोजणी अधिकारी आहे."

दोघं गप्प झाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा एकदम.

मग जे सुरू झालं त्यात त्याचे चार तास गेले. बर्ल्योतने गळांच्या खोक्याखालून जुना नकाशा काढला. टोर्लेव्हने शेडमधून पोलादी टेप आणली. इल्मारीने जाकीट काढून बाह्या दुमडल्या. खडकातल्या खिळ्यापासून त्याने सुरुवात केली, रस्त्याच्या कडेने आला, शेडच्या कोपऱ्यावर गेला, परत आला. टोर्लेव्हला टेपचं टोक धरायला लावलं, बर्ल्योतला आकडे लिहायला. "सरळ धरा, लोंबतेय," असं तो दोनदा ओरडलासुद्धा. तीन वर्षांत तो इतका बोलला नव्हता. दीडची बोट, तीनची बोट कधी येऊन गेल्या ते त्याला कळलंही नाही.

शेवटी त्याने वहीवर रेघ मारली, पुन्हा बेरीज केली आणि वाचून दाखवलं. "ही पट्टी तुमची नाही. यांचीही नाही. ही रस्ते खात्याची आहे."

समुद्रपक्षी ओरडत होते. टोर्लेव्हने टेप हळूहळू गुंडाळली. हातातला हातोडा कुठे ठेवावा हे त्याला समजेना. त्याने तो एका खोक्यावर ठेवला, मग उचलून दुसऱ्या खोक्यावर ठेवला.

"मग झालं तर," तो म्हणाला.

"हो," बर्ल्योत म्हणाली. "झालंच मग."

"मग मी निघतो."

"निघ."

तो निघाला नाही. तीही आत गेली नाही. दोघं त्या दीड मीटरच्या दोन बाजूंना उभी होती आणि दोघांची तोंडं अशी झाली होती की इल्मारीने खाली वहीकडे पाहिलं. सकाळी उठून चहा एकट्याचा करायचा, रेडिओ लावायचा, बंद करायचा, हे सगळं त्याला वहीच्या त्या आकड्यांत दिसायला लागलं. एकोणचाळीस वर्षांत त्याने मोजणीत एक सेंटिमीटर इकडचा तिकडे केला नव्हता. एका आमदाराने सांगूनही नाही.

"अर्थात," तो म्हणाला, "नकाशा जुना आहे. आणि टेप उन्हात तापलेली. पोलाद वाढतं. नक्की असं काही सांगता यायचं नाही."

टोर्लेव्हने मान वर केली. "मी सांगतच होतो, टेप वाढलीय!"

"टेप तुझीच आहे!" बर्ल्योत कडाडली. "स्वतःच्या फायद्यासाठी तापवून आणलीस!"

"मी तापवली? सूर्य माझ्या बापाचा आहे का?"

इल्मारीने बाह्या खाली केल्या, जाकीट घातलं आणि पुढच्या बाजूला बाकावर जाऊन बसला. मागून आवाज येत राहिले. साडेपाच झाले होते. बॅगा आता उतरल्या असतील. त्याने फोन पाहिला. कुणाचा काही नव्हता.

सव्वासहाला फोन वाजला तेव्हा पलीकडे एकाच वेळी चौघं बोलत होते आणि पाचवा नॉर्वेतला कुणीतरी त्यांना शांत करत होता. शब्द लागत नव्हते. "तिथेच थांब," एवढं सिर्काचं समजलं. "हलू नकोस."

"मी हललेलोच नाही," इल्मारी म्हणाला, पण तोवर फोन बंद झाला होता.

सव्वाआठच्या बोटीतून दोन्ही गाड्या एकामागून एक खाली आल्या. ऊन अजून डोंगरावर होतं. रायमो आणि केयो दारं उघडी टाकून भांडतच उतरले.

"एकतीस विषम!"

"अरे पण एकही विषमच ना!"

"म्हणून तर म्हणतो, काल आमचा दिवस झाला, लागोपाठ दोन दिवस कसे येतील?"

आन्नेली धावत आली आणि इल्मारीला मिठी मारून रडायला लागली, आणि रडता रडताच तिने सगळं सांगितलं. ते पुढच्या मुक्कामाच्या कॅम्पिंगवर शेगडी पेटवून सॉसेज भाजत होते. पोलिस आला. त्याने कागद बघून विचारलं, तुम्ही चार फिन का? हो. तुम्ही बेपत्ता आहात. केयो म्हणाला, आम्ही तर इथे आहोत. पोलिस म्हणाला, तक्रार आहे, तुमच्याबरोबरचे इल्मारी म्हणून कुणी... "तेव्हा केयो म्हणाला, इल्मारी ना, तो संडासात आहे."

"मला वाटलं!" केयो म्हणाला. "बॅग तर होती, मीच उतरवली. म्हटलं, माणूसही असणार."

"मग आम्ही सगळे संडासाबाहेर उभे राहिलो, पोलिससुद्धा. वीस मिनिटं! केयोने दार वाजवलं, म्हणाला, इल्मारी, घाबरू नकोस, पोलिस चांगला आहे. आणि आतून एक जर्मन निघाला!"

रायमोला हसू आवरेना. केयोलाही. आन्नेली रडत होती ती हसायला लागली. इल्मारीही थोडा हसला, कारण जर्मन खरोखरच बिचारा होता.

"पण तू अंगठा दिला होतास!" केयो म्हणाला. "फोटोला! आम्हाला कसं कळणार?"

सिर्का हसली नव्हती. ती गाडीला टेकून उभी होती. आता ती पुढे आली आणि तिने बाकीच्यांना हातानेच कॉफी घ्यायला पाठवलं. वर्गातली पोरं जावीत तशी ती तिघं गेली.

"फोन चालू होता?"

"होता."

"चार्ज?"

"आत्ता एक्केचाळीस टक्के."

"आणि साडेआठ तास तू..."

"आठ तास पस्तीस मिनिटं."

"मुद्दाम?"

"मुद्दाम," इल्मारी म्हणाला.

सिर्का बाकावर बसली. "शाळेत काही पोरं सुट्टीनंतर लपून बसायची. जिन्याखाली, कोटांच्या मागे. मी शोधून काढायची आणि आधी खूप ओरडायची."

"मग ओरड."

ती ओरडली नाही. "जेवताना मी विचारलं होतं, इल्मारी कुठेय म्हणून. केयो म्हणाला, असेल कुठल्या तरी दगडापाशी. आम्ही म्हटलं, हो, असेल. आणि मागवलं."

"दगडापाशी होतो हे खरंच आहे," इल्मारी म्हणाला.

"गप बस."

टपरीमागून कुणीतरी खुंटा ठोकत होतं. मग त्याने विचारलं, कारण आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारता येणार नाही हे त्याला दिसत होतं. "पोलिस आला नसता तर?"

"जेवायला बसताना कळलं असतं."

"नक्की?"

सिर्काने समुद्राकडे पाहिलं. ती खोटं बोलली असती तर त्याने मान डोलावली असती, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "ताटं मीच मांडली होती, इल्मारी. चार मांडली होती."

तिने पर्समधून रुमाल काढला, डोळ्यांना न लावता नुसता घडी घालून परत ठेवला. मग उठली आणि स्वतःच्या गाडीकडे गेली.

गाडीत मागच्या सीटवर अर्ध्या जागेत थंड पेटी होती, चीज आणि मासे ठेवायची, आणि तिच्यावर छत्र्या, चपला, नकाशे आणि एक घडीची खुर्ची. इतके दिवस इल्मारी त्या ढिगाला खांदा लावून प्रवास करत होता. वळणावर पेटी त्याच्या अंगावर यायची आणि तो तिला हलकेच परत ढकलायचा. सिर्काने दार उघडून पेटी दोन्ही हातांनी ओढून काढली आणि कॉफी घेऊन आलेल्या रायमोच्या हातात दिली.

"पुढे ठेव. माझ्या सीटवर."

"आणि तू?"

"मी मागे बसणार."

"मी काय टॅक्सीवाला आहे का?" रायमो म्हणाला.

"आहेस. चल."

बर्ल्योतने कागदात गुंडाळलेली दोन वॅफलं खिडकीतून आत सरकवली आणि मागच्या बाजूला पळाली, कारण तिथून पुन्हा खाड खाड ऐकू येत होतं. गाड्या बोटीत चढल्या. रायमोच्या गाडीत पुढे तो, शेजारी थंड पेटी, आणि मागे सिर्का आणि इल्मारी, दोघांच्या मध्ये नेमकी एका माणसाची जागा. हेल्मी असती तर बसली असती ती. दोघंही आपापल्या खिडकीला चिकटून बसली होती, कुणीही मध्ये सरकलं नाही.

बोटीवरचा माणूस छोटं यंत्र हातात घेऊन गाडी गाडी फिरत होता. त्याने रायमोच्या काचेवर टकटक केली. "किती जण?"

रायमो सीटवर पूर्ण वळला, पट्टा पोटात रुतला तरी वळला, आणि मागे बघून बोटाने मोजलं.

"तीन," तो म्हणाला. "आणि मागच्या गाडीत दोन. एकूण पाच."

माणूस पुढच्या गाडीकडे निघालाही होता. रायमोने काच आणखी खाली केली आणि त्याच्या पाठीमागून पुन्हा ओरडला, "पाच!"

"त्याने एवढं विचारलं नव्हतं," सिर्का म्हणाली.

"माहितीय मला," रायमो म्हणाला आणि काच वर केली.

इल्मारी वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.